अप्पांनी न घेतलेली दारू

"झाली तुझी साक्ष?" मकासरेबाईंनी विचारलं.

"हो बाई."

बाईंनी पदराला टाचलेल्या घड्याळाकडे पाहिलं. नगरच्या मिशन दवाखान्याच्या मेट्रन म्हणून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, पण ते घड्याळ काही त्यांनी उतरवलं नव्हतं.

"चाळीस सेकंद," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात तू जन्मलीस, तुझा बाप्तिस्मा झाला, शब्बाथ शाळेत बक्षीस मिळालं आणि आता तू माझ्यासमोर उभी आहेस. मधे काही घडलंच नाही का गं, पारधे?"

मागच्या बाकावरून एलिया गोर्डे हळूच म्हणाला, "बाई, बक्षीस पहिलं होतं की दुसरं, ते सांगायचं राहिलं."

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते.

"हे सगळं तुझ्या घरच्यांनी तुझ्यासाठी केलं," बाई म्हणाल्या. "तुझं काय, ते सांग. परवा पुन्हा उभी राहा."

१९८६ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. नगरला एका शाळेच्या रिकाम्या वसतिगृहात आम्ही चौदा तरुण मुलंमुली दहा दिवसांच्या शिबिराला जमलो होतो. वेगवेगळ्या गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून आलेलो, एकमेकांना न ओळखणारे. शिबिर संपलं की आमच्यातले आठ जण निवडून बाई त्यांना धुळे जिल्ह्यात, धडगावच्या पलीकडच्या पाड्यांवर घेऊन जाणार होत्या. तिथे मिशनचा एक जुना दवाखाना होता. बारा दिवस तिथे राहून लहान मुलांची तपासणी करायची, शाळेचं छप्पर शाकारायचं, संध्याकाळी तिथल्या दहा-बारा घरांच्या मंडळीबरोबर गाणी म्हणायची, असं ते काम. आठच का, तर जीपच्या मागच्या बाकांवर आठच माणसं मावत होती.

बाईंचं शिक्षण म्हणजे पलटणीतलं शिक्षण. पहाटे पाठीवर पिठाची पिशवी बांधून चार मैल चालायचं. परत आलं की तीन दगडांच्या चुलीवर चौदा जणांची खिचडी. मग जखमा धुणं, खरजेचं औषध लावणं आणि तिथल्या पावरी बोलीतली चाळीस वाक्यं पाठ करणं. जेवणाला जो नाव ठेवील त्यानं सगळ्यांची भांडी घासायची. हे सगळं मला जमत होतं. पिशवी घेऊन तर मी मुलांच्याही पुढे असायची. माझं घोडं अडलं होतं ते दुपारी चारच्या साक्षीपाशी.

साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. बाईंनी तिचे तीन भाग पाडून दिले होते. आधी मी कसा होतो, मग देव कसा भेटला, नंतर काय बदललं. प्रत्येक भागाला एक मिनिट. आणि निवडीत साक्षीला मोठा मान होता, कारण तिथे गेल्यावर प्रत्येकाला मंडळीपुढे उभं राहावं लागणार होतं.

आता बाकीच्यांकडे 'आधी' होतं. एलिया मटक्याच्या नादाला लागून घरातून पळाला होता आणि दोन वर्षं मनमाडच्या स्टेशनवर राहिला होता. त्यानं तोंड उघडलं की खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी. संगमनेरच्या सरोज वाघचौरेला विषमज्वरात डॉक्टरांनी हात टेकल्यावर प्रार्थनेनं आराम पडला होता. आमच्या शिबिरात जो जास्त बिघडलेला त्याला जास्त भाव होता. मी मात्र पाळण्यातून थेट चर्चच्या बाकावर बसलेली. पाप करायला मला सवडच मिळाली नव्हती.

आणि मला जायचं होतं. माझी आई, सुगंधा, लग्नाआधी दोन वर्षं त्याच दवाखान्यात नर्स होती. लहानपणी ती मला तिथल्याच गोष्टी सांगायची. दवाखान्याच्या ओसरीत उभं राहिलं की समोर डोंगराच्या सात रांगा दिसतात, एकीमागं एक, आणि सर्वांत मागची निळी असते, असं सांगायची. झोळीत लेकरू घेऊन दिवसभर चालत येणाऱ्या बायकांची नावंसुद्धा तिला आठवायची. मी पंधरा वर्षांची असताना आई गेली. मला एकदा त्या ओसरीत उभं राहून सात रांगा मोजायच्या होत्या. हे मी कुणाला बोलले नव्हते. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न बोलताच ठाऊक होतं. शिबिराचं पत्रक मंडळीत वाचलं गेलं त्याच दिवशी त्यांनी माझं नाव देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि एलिया हौदावर भांडी घासत होतो. त्यानं खिचडीला नाव ठेवलं होतं आणि मी त्याला हसले होते.

"तुझी साक्ष एवढी चांगली कशी होते रे?" मी विचारलं.

"अगं, मी वाया गेलो होतो ना आधी."

"मग मी कशी वाया जाऊ दोन दिवसांत?"

"तुला आता वेळ नाही," एलिया पातेलं खरवडत म्हणाला. "घरातलं दुसरं कुणी वाया गेलंय का, बघ."

तो गंमत करत होता. मी मात्र विचार करू लागले.

घरात मी आणि अप्पा, दोघंच. शांतवन पारधे, नेवाशाच्या मिशन दवाखान्याचे ड्रायव्हर. बावीस वर्षं जीप चालवत होते, पण कुणाच्या कोंबडीलाही धक्का लागला नव्हता. दारूचं म्हणाल तर उसाचा रस जरा आंबूस लागला तरी हा माणूस ग्लास खाली ठेवायचा. लग्नात कुणा पाहुण्याच्या तोंडाला वास आला, तर त्याला जीपमध्ये घेत नसत. "तो शुद्धीवर आला की मी परत येतो," म्हणत आणि खरंच परत जात.

साक्षीच्या दिवशी मी उभी राहिले आणि या माणसाला मी दारुडा केलं.

सुरुवात करताना जीभ अडखळली. मग समोर बसलेल्या सरोजचे डोळे मोठे झालेले दिसले आणि मला जोर चढला. अप्पा रोज झिंगून घरी यायचे, असं मी सांगितलं. ताट भिरकावून द्यायचे. आई चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडायची. मग मी, दहा वर्षांची कुमुद, खाटेखाली शिरून प्रार्थना करायची. आणि एका नाताळच्या सकाळी अप्पांनी स्वतःच्या हातानं बाटली फोडली. एवढं बोलेपर्यंत मला खरंच रडू कोसळलं. आजही मला याचं नवल वाटतं. न घडलेल्या गोष्टीचं दुःख मला तिथे उभ्या उभ्या झालं.

"हालेलूया," एलिया म्हणाला. या वेळी तो गंमत करत नव्हता. सरोज डोळे पुसत होती.

बाई म्हणाल्या, "पारधे, ही गोष्ट तुझ्याइतकीच तुझ्या वडिलांची आहे. त्यांना विचारलंयस ना, सांगू का म्हणून?"

"हो बाई," मी म्हणाले. एक केलं की दुसरं सोपं जातं.

सातव्या दिवशी यादी लागली. माझं नाव चौथं होतं. सरोज नववी आली, म्हणजे कुणी आजारी पडलं तरच तिची वर्णी लागणार होती. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तू जायलाच हवं होतंस गं. तुझं ऐकून माझ्या अंगावर काटा आला." मी तिला काय म्हणाले ते आता आठवत नाही. मनात मात्र मी डोंगराच्या रांगा मोजायला लागले होते.

आठव्या दिवशी सकाळी बाई हातात कागद घेऊन आल्या. ठरवलेल्या जीपच्या ड्रायव्हरचा हात मोडला होता.

"पण सोय झाली," त्या म्हणाल्या. "नेवाशाच्या दवाखान्याची जीप मिळतेय, ड्रायव्हरसकट. उद्या दुपारी येतील. शांतवन पारधे म्हणून आहेत. पारधे, हे तुझे कोण?"

तेरा माना माझ्याकडे वळल्या.

"वडील," मी म्हणाले.

एलियानं खाली पाहिलं. बाईंनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली आणि मला बाहेर बोलावलं.

"त्यांनी सोडून किती वर्षं झाली?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. बाई माझ्या अगदी जवळ उभ्या होत्या आणि त्यांचा आवाजही मऊ होता. पण माझं नाव चौथं होतं.

"आठ-नऊ," मी म्हणाले.

"पुन्हा कधी?"

"नाही बाई."

"वाटेतला चांदसैलीचा घाट कच्चा आहे," बाई म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, ते कळलं नाही. "आठ लेकरं आहेत माझ्या पदरात. त्यांना येऊ दे. मीच बोलते."

पुढचे चोवीस तास माझ्या घशाखाली घास उतरला नाही. अप्पांना आधीच गाठून सगळं सांगावं, असं ठरवलं. पण काय सांगणार होते? अप्पा, मी तुम्हाला दारुडा केलंय, तेवढं सांभाळून घ्या?

ते आले तेव्हा दोन वाजले होते. जीप धुऊनपुसून आणलेली, काचेवर एक डाग नाही. अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट. मला पाहून ते एवढे खूश झाले की हॉर्न वाजवला. अप्पा उगीच हॉर्न वाजवणारे नव्हते.

"सलाम, कुमुदबाई," ते उतरत म्हणाले. "यादीत नाव आलं म्हणे. दवाखान्यात सगळ्यांना सांगून आलोय."

मी तोंड उघडायच्या आत एलिया धावत आला आणि त्यानं अप्पांना मिठीच मारली. भला पोरगा होता.

"काका, मी एलिया. तुमच्यासाठी आम्ही सगळे रोज प्रार्थना करतोय. जे सुटलंय त्याला आता पुन्हा हात लावायचा नाही."

अप्पांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. माझं लहानपणापासूनचं सगळं खोटं पाहणं त्यांना पाठ होतं.

"करा बाबा प्रार्थना," ते एलियाच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "कुणालाही चालती ती."

बाईंनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. अप्पांना खुर्ची दिली. मी दाराशी उभी राहिले.

"पारधे, राग मानू नका," बाईंनी सरळ सुरुवात केली. "मुलीनं तुमची गोष्ट सांगितली. मला ती ऐकून तुमच्याबद्दल आदरच वाटला. पण मुलं माझ्या जबाबदारीवर आहेत, म्हणून विचारते. शेवटची कधी घेतली होतीत?"

"काय घेतली होती?" अप्पांनी विचारलं.

"दारू."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत त्यांनी विचारलं, "काय काय सांगितलं हिनं?"

आणि बाईंनी सांगितलं. एकही शब्द न गाळता. झिंगून येणं, ताट, खाटेखालची प्रार्थना. आई तोंडात पदर कोंबून रडायची, ते सांगितलं तेव्हा अप्पांनी एकदाच डोळे मिटले. माझ्या आईला त्यांनी उभ्या जन्मात 'अगं' म्हणून हाक मारली नाही, 'सुगंधाबाई' म्हणायचे. शेवटच्या आजारात तिचे केस तेच विंचरायचे.

मला वाटलं, आता ते उठतील आणि माझ्या कानाखाली वाजवतील. मी त्याची वाटच पाहत होते. तेवढं झालं असतं तरी मी सुटले असते.

अप्पांनी खिशातून जीपची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाई, तुम्ही दुसरा ड्रायव्हर पाहा," ते म्हणाले. "जीप इथं राहू द्या. दवाखान्याची परवानगी आहे. मी पाचच्या एसटीनं जातो."

"म्हणजे अजून सुटली नाही तुमची?"

"तुम्हाला शंका आली ना. मग आठ लेकरांच्या बाबतीत शंका ठेवू नये."

"पारधे, मला दवाखान्याला कळवावं लागेल. ते रोज पेशंट पाठवतात तुमच्याबरोबर."

"कळवा," अप्पा म्हणाले. उठले, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि दाराशी थांबले. "हिचं नाव आहे ना यादीत? ते राहू द्या. ती चालायला चांगली आहे."

बावीस वर्षांचं नाव त्यांनी त्या टेबलावर ठेवलं होतं. नेवाशात ही बातमी पोचायला दोन दिवस लागले नसते. नोकरी राहिली असती की गेली असती, ते देव जाणे. पण चर्चमध्ये, बाजारात, दवाखान्याच्या दारात लोक त्यांच्याकडे कसे पाहतील, ते मला आत्ताच दिसत होतं. आणि त्यांनाही दिसतच असणार.

बाहेर पडताना ते माझ्याजवळून गेले. मी हळूच म्हणाले, "अप्पा."

"जेवली का?" त्यांनी विचारलं. "तोंड सुकलंय."

मग ते हौदावर गेले, हातपाय धुतले आणि आंब्याच्या झाडाखाली आपली पिशवी मांडीवर घेऊन बसले. मुलं त्यांच्याकडे लांबून पाहत होती. सरोजनं त्यांना चहा नेऊन दिला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. कुणी काही विचारलं की उत्तर देत होते, हसतही होते. मी व्हरांड्यातल्या खांबाला टेकून पाहत होते. लहानपणापासून शब्बाथ शाळेत मी एक वाक्य पाठ म्हणत आले होते, निर्दोष असून त्यानं आमचा दोष आपल्यावर घेतला. त्यासाठीच मला ते बक्षीस मिळालं होतं. ते वाक्य आज पहिल्यांदा माझ्यासमोर आंब्याखाली बसून चहा पीत होतं.

चार वाजले. साक्षीचा तास सुरू झाला. माझा नंबर नव्हता, तरी मी उभी राहिले.

"बस, पारधे. आज तुझी पाळी नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, मी त्या दिवशी साक्षीत सांगितलं ते सगळं खोटं आहे."

सरोजच्या हातातलं पेन खाली पडलं. तिनं ते उचलेपर्यंत मी थांबले; आणखी थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या अप्पांनी कधी दारू घेतलेली नाही. एक थेंब नाही. त्यांनी ताट फेकलं नाही आणि माझी आई रडली नाही. मला सांगायला काही नव्हतं म्हणून मी त्यांना वाईट केलं. मी त्यांना विचारलं होतं, असं म्हणाले, तेही खोटं. काल बाईंनी विचारलं तेव्हा पुन्हा खोटं बोलले. आणि आज त्यांनी हे सगळं ऐकलं आणि मला खोटं पाडलं नाही. किल्ली देऊन टाकली." इथं माझा आवाज फुटला. "ते पाचच्या एसटीनं चाललेत. त्यांना थांबवा. मला नाही नेलं तरी चालेल."

खोलीत कुणी हालेलूया म्हटलं नाही. बाई उठल्या, ऑफिसातल्या टेबलावरची किल्ली घेतली आणि तशाच उन्हात बाहेर पडल्या. आम्ही सगळे खिडकीशी गेलो.

बाईंना भराभर चालता येत नसे, त्यांचे गुडघे दुखायचे. अप्पा फाटकाशी पोचले होते. बाईंनी हाक मारली. दोघं काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. बाईंनी हात जोडलेले दिसले. अप्पांनी घाईघाईनं पिशवी खाली ठेवून त्यांचे हात खाली केले. मग बाईंनी किल्ली पुढे केली आणि अप्पांनी ती घेऊन खिशात टाकली, जशी रोज टाकायचे.

माझ्या शेजारी एलिया उभा होता. "मी गंमत केली होती गं," तो म्हणाला. "खरंच गंमत केली होती."

"माहीत आहे रे," मी म्हणाले.

परत आल्यावर बाईंनी यादी काढली. चौथ्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि खाली सरोजचं नाव लिहिलं. मला रागावल्या नाहीत, उपदेश केला नाही. फक्त म्हणाल्या, "पारधे, खोटं बोललेल्या माणसाला मी तिथल्या लोकांपुढे उभं करू शकत नाही. तुला कळतंय ना?"

"कळतंय बाई."

"आणि पहिल्या दिवशी तू चाळीस सेकंद बोललीस ना, ते खरं होतं. मी तुला त्यातच खोदायला सांगत होते. दुसऱ्याच्या अंगणात नाही. ते मला नीट सांगता आलं नाही, तेवढी चूक माझी." मग माझा पडलेला चेहरा पाहून म्हणाल्या, "जा आता. बापाला जेवायला घाल. खिचडीला नाव ठेवलं तर भांडी त्याच्याकडून घासून घे."

मी पुढच्या वर्षी गेले, त्याच्या पुढच्या वर्षीही गेले आणि नंतर मकासरेबाईंचं काम माझ्याच अंगावर आलं. सव्वीस वर्षं मी मुलांना पिठाच्या पिशव्या घेऊन चालवते आहे. एखादी पोरगी साक्षीला उभी राहून अर्ध्या मिनिटात गप्प झाली, की मी तिला बाजूला नेते आणि हीच गोष्ट सांगते. बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्या रेघेचेसुद्धा.

पण जीप निघाली त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

दहाव्या दिवशी पहाटे जीप निघाली. टपावर औषधांची खोकी आणि शाळेच्या छपराची कौलं दोरीनं बांधलेली होती. मागे आठ जण दाटीवाटीनं बसले होते. सरोजला माझ्या डोळ्यांत पाहवत नव्हतं, म्हणून मीच तिला माझे कॅनव्हासचे बूट दिले. तिच्या चपलेनं तिथे दोन दिवसही काढले नसते. तिला ते जरा मोठे झाले. पुढं कागद घातला की बसतील, असं मी तिला सांगितलं. अप्पांनी पाणी पाहिलं, ऑइल पाहिलं, चारही चाकांना लाथ मारून पाहिली. आदल्या संध्याकाळपासून ते माझ्याशी बोलत होते ते फक्त फडकं दे आणि पाना दे, एवढंच. मी दोन वेळा माफी मागायला गेले, दोन्ही वेळा त्यांनी माझ्या हातात फडकं दिलं.

मिशनची गाडी प्रार्थनेशिवाय हलत नाही. बाई पुढच्या सीटवरून मागे वळल्या आणि म्हणाल्या, "कोण करतं प्रार्थना?"

एलियानं घसा साफ केला. तेवढ्यात अप्पा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "कुमुद करील."

मी खाली उभी होते. निरोप द्यायला आलेल्या मागे राहिलेल्यांत. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी मान हलवून नको म्हणाले. खोटारडी म्हणून जिच्या नावावर कालच रेघ बसली होती, तिनं यांच्या प्रवासासाठी काय तोंडानं प्रार्थना करायची?

"अप्पा, दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"घाटात मी ज्याची त्याची प्रार्थना घेऊन चढत नाही," अप्पा म्हणाले. "कर चटकन. ऊन व्हायच्या आत मनमाड गाठायचंय."

बाईंनी माझ्याकडे पाहून मान डोलावली आणि डोळे मिटले. मग सगळ्यांनी मिटले.

मी प्रार्थना केली. कशी वाटेल याचा विचार दहा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या मनात आला नाही. देवबापा, यांना नीट ने, म्हणाले. सरोजच्या पायाला फोड येऊ देऊ नको, बाईंचे गुडघे सांभाळ. आणि माझ्या अप्पांबद्दल तुझे आभार, म्हणाले. त्याच्यापुढे बोलता आलं नाही, म्हणून तिथेच आमेन म्हटलं. आठ जणांचं आमेन जीपमधून आलं. अप्पांचं जरा उशिरा आलं.

त्यांनी जीप सुरू केली. मी खिडकीशी गेले. आत्ता विचारलं नाही तर बारा दिवस काढायचे होते.

"अप्पा, बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? एक शब्द बोलायचा होता."

"बोललो असतो तर तुझं नाव गेलं असतं."

"ते गेलंच की."

"ते तू काढलं. मी नाही काढलं," अप्पा म्हणाले. ते हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी गिअर टाकला, आरशात मागे पाहिलं आणि मग पुन्हा माझ्याकडे.

"तुला जायचं होतं ना, पोरी," ते म्हणाले आणि त्यांनी क्लच सोडला.